रिबेकेला निदान विचारले तरी होते

गेल्या जानेवारीतील गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक माउली हातात मोबाइल घेऊन दाराशी येऊन उभी राहिली. "फादर, जरा तुम्हीच समजवा तिला. माझे काही ऐकत नाही." तिची मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली होती, टोरांटोशेजारच्या मिसिसागा शहरात. आपल्याकडे सकाळ होती, तिकडे आदल्या दिवसाची रात्र. पडद्यावर मुलगी दिसली. तिच्या मागे छताला टेकलेली एक आडवी, अरुंद खिडकी होती आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात खिडकीबाहेर बर्फाचा ढीग तेवढा दिसत होता. दुसऱ्याच्या घराखालचे बेसमेंट हेच तिचे घर. पती रात्रपाळीला गेलेला. मुंबईच्या रुग्णालयात पाच वर्षे परिचारिका म्हणून वावरलेली ती मुलगी मला सांगत होती की गेल्या चार महिन्यांत पतीखेरीज एकाही माणसाशी ती पाच मिनिटे सलग बोललेली नाही.

मी तिला काय सांगितले ते येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. मी म्हणालो, "अगं, संसार म्हणजे तडजोड. सुरुवातीला सगळ्यांनाच जड जाते. प्रार्थना कर, नवऱ्याला सांभाळून घे, हळूहळू ॲडजस्ट होशील." तिने सारे ऐकून घेतले. मग जराही न रागावता विचारले, "फादर, तुमची आपल्या चर्चला बदली झाली तेव्हा तुम्हाला ॲडजस्ट व्हायला किती दिवस लागले?"

मला उत्तर सुचले नाही. ते मी आज, तिच्या परवानगीने आणि तिची ओळख पटेल असे तपशील गाळून, या अंकात देत आहे.

माझ्या आधीच्या धर्मग्रामापासून हा धर्मग्राम मोटारीने चाळीस मिनिटांच्या अंतरावर आहे. भाषा तीच, हवा तीच, बाजारातले मासेही तेच. तरी मला आणावयास दोन मोटारी आल्या होत्या. चर्चच्या फाटकाशी बँड होता. लहान मुलींनी फुले उधळली, पॅरिश कौन्सिलने शाल दिली, किल्ल्यांचा जुडगा हाती आला. तिखट कितपत चालते हे स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारून घेतले. पुढले दोन महिने आळीआळीतून जेवणाची निमंत्रणे येत राहिली. आणि एवढ्या सरबराईनंतरही, खरे सांगतो, पहिले कित्येक आठवडे त्या मोठ्या रिकाम्या धर्मगुरुनिवासात मला रात्री झोप लागत नसे. पन्नाशी उलटलेला आणि बदल्यांना सरावलेला पुरुष मी! धर्मग्राम सांभाळता यावा म्हणून ख्रिस्तसभेने मला सेमिनरीत वर्षानुवर्षे घडवले. आणि त्या मुलीला दुसऱ्या खंडात पाठवताना आपण तिला काय दिले? विवाहपूर्व मार्गदर्शनाचे दोन दिवस, हळदीची एक रात्र, भरून ठेवलेल्या दोन बॅगा आणि विमानतळावर एक उपदेश: "ॲडजस्ट कर हं, बाळा."

आपल्या बोलण्यात हा 'ॲडजस्ट' शब्द इतका मुरला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द शोधण्याची गरजही कोणास वाटत नाही. नीट कान दिलात तर त्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात येईल. आपल्या समाजात या क्रियापदाला कर्ता एकच असतो, आणि तो म्हणजे सून. जावई ॲडजस्ट होत नाही, सासू होत नाही, धर्मगुरू तर नाहीच नाही. जे करणे आपणा सर्वांचे कर्तव्य होते, ते न करता एकट्या मुलीच्या सहनशीलतेच्या खाती टाकण्यासाठी हा शब्द आपण वापरत आलो आहोत. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी आता शास्त्रानिशी मांडतो: लग्न करून परदेशी गेलेल्या मुलीचे तेथे रुजणे हा तिचा एकटीचा सद्गुण नव्हे. ते तिला देणे असलेले ऋण आहे. ते पतीने, दोन्ही घरांनी आणि दोन्ही धर्मग्रामांनी फेडावयाचे असते.

"मुलीने आईबाप सोडून जायचे ही देवाचीच योजना," असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय पुन्हा एकदा उघडावा. तेथे आईबापांस सोडून कोण निघतो? पुरुष. तो सोडतो आणि पत्नीशी जडून राहतो. प्रत्येक लग्नात आपण हे वचन ऐकतो, प्रत्येक लग्नात मान डोलावतो आणि नंतर स्त्रीची पाठवणी करतो! प्रथा म्हणून पाठवणी करावयाची तर करा. पण तिचा भार देवाच्या वचनावर टाकू नका.

त्याच पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात दूरदेशी दिलेल्या मुलीची कथा आहे. अब्राहाम आपल्या सेवकाला मुलगा इसहाक याच्यासाठी वधू आणण्यास धाडतो. सेवक विचारतो, मुलगी यायला तयार झाली नाही तर? अब्राहाम सांगतो, तर तू माझ्या शपथेतून मोकळा. म्हणजे जिला अजून कोणी पाहिलेही नाही, तिच्या नकाराची सोय कुलपतीने आधीच करून ठेवली. पुढे रिबेकेच्या घरी सारे ठरते, भेटवस्तू दिल्या जातात. तरी निघण्याच्या वेळी घरची माणसे म्हणतात, मुलीला बोलावून तिलाच विचारू. तिला विचारतात, ती होकार देते आणि मगच उंट निघतात. शिवाय ती एकटी जात नाही. तिची दाई दबोरा तिच्यासोबत जाते आणि अखेरपर्यंत परक्या देशात या कुटुंबापाशी राहते. बेथेलजवळ एका वृक्षाखाली तिला पुरल्याची नोंद शास्त्राने आवर्जून ठेवली आहे. तांडा पोहोचतो तेव्हा इसहाक घरात वाट पाहत बसलेला नसतो; तो शेतातून चालत सामोरा येतो. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या वातावरणातली ही कथा. उंटाच्या काळात रिबेकेला निदान विचारले तरी होते. विमानाच्या काळात आपण विचारतो ते पासपोर्ट तयार आहे का, एवढेच.

लग्नाच्या प्रवचनांत रूथच्या निष्ठेचा दाखलाही हमखास येतो. मीही तो अनेकदा दिला आहे. 'जेथे तू, तेथे मी' या भावाचे तिचे शब्द आपण नववधूच्या तोंडी घालतो आणि वराकडे समाधानाने पाहतो. पण रूथ ते शब्द पतीला उद्देशून बोलतच नाही. तिचा पती मरण पावलेला आहे. ती बोलते आपल्या सासूशी, नामीशी. आणि तेही नामीने तिला माहेरी परतण्याची मोकळीक देऊन, तिचे चुंबन घेऊन निरोप दिल्यावर. सासूने दार उघडे ठेवले म्हणूनच सुनेच्या निष्ठेला मोल आले. बेथलेहेमात आल्यावर या परदेशी सुनेला जगवले कोणी? एका नियमाने. शेताच्या कडेचे पीक कापू नये, पडलेली कणसे गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्यावीत, असा नियमशास्त्राचा दंडक होता. बवाज तर त्याहून पुढे गेला. तिला कोणी त्रास देऊ नये अशी त्याने गड्यांना ताकीद दिली आणि मुद्दाम कणसे टाकावयास सांगितली. रूथच्या निष्ठेवर आपण शेकडो प्रवचने केली. बवाजच्या कर्तव्यावर किती केली?

तिसरी कथा तोबितच्या पुस्तकातील आहे. तरुण तोबियास परमुलखात सारेशी विवाह करतो. निरोपाच्या वेळी सारेचा पिता आपली अर्धी मालमत्ता त्यांना देतो आणि तिची आई जावयाला बजावते की माझी लेक मी तुझ्या स्वाधीन करीत आहे, तिला कधी दुःख देऊ नकोस. लक्षात घ्या, जाताना उपदेश जावयालाही आहे! आणि निनवे नगराच्या वेशीवर काय घडते? वृद्ध तोबित, ज्याला नुकतीच दृष्टी परत मिळाली आहे, तो स्वतः चालत सुनेला सामोरा जातो, तिला मुलगी म्हणतो, आशीर्वाद देतो आणि आपल्या घरी आनंदाने ये असे सांगतो. सारे नगर ते पाहते. आपल्या किती सुनांना विमानतळावर असा सासरा भेटतो? तेथे सासरा नसेल तर त्याच्या जागी कोणी उभा राहावे, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

आता प्रत्यक्षात काय चालते ते पाहू. मुलगा नाताळात किंवा मे महिन्यात तीन आठवड्यांच्या रजेवर येतो. पहिल्या आठवड्यात तीन-चार मुली दाखवल्या जातात, दुसऱ्यात साखरपुडा, तिसऱ्यात लग्न. मुलीने मुलाला एकांतात भेटलेले असते ते फार तर दोनदा, आणि त्यातही एकदा तिचा भाऊ शेजारच्या टेबलाशी असतो. तो तिकडे नेमके काय काम करतो, डोक्यावर कर्ज किती, घर कसले, सोबत कोण राहते, हे विचारणे म्हणजे संशय घेणे मानले जाते. मुलगा 'कॅनडात आहे' हाच त्याचा पगार, हेच त्याचे चारित्र्य. आणि आम्ही धर्मगुरू? सलग तीन रविवारी व्हावयाच्या जाहीर घोषणांतून सूट मिळावी म्हणून पालक आमच्याकडे विनवण्या करतात, तिकीट काढल्याचे सांगतात, आणि आम्ही सही करतो. मीही केली आहे. तिकिटाच्या तारखेने संस्काराची तारीख ठरवावी, हे कोणत्या धर्मशास्त्रात बसते?

निदान आमच्या शास्त्रात ते बसत नाही. १९८३च्या धर्मसंहितेचा १०५७वा नियम सांगतो की विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने, आणि त्या संमतीची उणीव कोणतीही मानवी सत्ता भरून काढू शकत नाही. आईबापही नाहीत, धर्मगुरूही नाही. १०९८वा नियम सांगतो की संमती मिळवण्यासाठीच जोडीदाराची अशा गुणाबाबत फसवणूक केली, जो मुळातच सहजीवन गंभीरपणे विस्कटू शकेल, तर तो विवाह वैधच ठरत नाही. गंभीर भय घालून घेतलेल्या संमतीबद्दल ११०३वा नियम तेच सांगतो. "काही झाले तरी नांदलेच पाहिजे," म्हणणाऱ्यांनी ११५३वा नियमही वाचावा: जोडीदारामुळे देहाला वा मनाला गंभीर धोका उत्पन्न होत असेल, तर विभक्त राहण्यास ते वैध कारण ठरते. विवाहबंधन अतूट आहे ही आपली श्रद्धा आहे आणि ती माझीही आहे. पण अतूट बंधन म्हणजे कुलूपबंद दार, असे ख्रिस्तसभेने कधीही शिकवलेले नाही.

याच संहितेतील आणखी एक बदल फारसा कोणाच्या ध्यानात आलेला नाही. १९१७च्या जुन्या संहितेत पतीचे अधिवास तेच पत्नीचे अधिवास, असे गृहीत धरले होते. ती कोठे राहते हा प्रश्नच उद्भवत नसे. नव्या संहितेच्या १०४व्या नियमाने ते गृहीतक सोडून दिले. पतिपत्नींचे अधिवास समाईक असावे, परंतु रास्त कारण असल्यास प्रत्येकाचे स्वतंत्रही असू शकते, असे तो म्हणतो. रोमने जे सोडले ते आपण वसईत अजून धरून बसलो आहोत.

लग्नानंतरचा पहिला काळ तर आपण मोजतही नाही. मुलगा तीन आठवड्यांनी परततो. मुलगी कागदपत्रांची वाट पाहत महिनोन्महिने, कधी वर्षभर, सासरी राहते. नोकरी सोडलेली असते, कारण 'आता जायचेच आहे'. ज्याच्याशी जेमतेम वीस दिवसांचा संसार झाला, त्याच्या घरात ती त्याच्याविना राहते. आणि मग ज्या देशात कोणी ओळखीचे नाही तेथे त्याच्याकडे जाते, तेव्हा तोही निम्मा परकाच असतो. तेथे उतरल्यावर कळते की आपली परिचारिकेची पदवी थेट चालत नाही. कागदपत्रांची तपासणी, मग परीक्षा, मग परवाना; कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत २०१५पासून त्यासाठी एनक्लेक्स ही परीक्षा द्यावी लागते. त्यात वेळ जातो, पैसा जातो. गुणपत्रके आणि अनुभवाचे दाखले लग्नाच्या धांदलीत इकडेच कपाटात राहिलेले असतात. सोने मात्र आठवणीने नेलेले असते! मोटारीशिवाय तेथे बाजारही गाठता येत नाही आणि तिला मोटार चालवता येत नाही. आपल्याकडे भांडण झाले तर मुलगी ओट्यावर येऊन बसते, शेजारीण विचारते, अर्धे दुःख तेथेच ओसरते. बेसमेंटला ओटा नसतो.

"पण रोज व्हिडिओ कॉल होतो की!" असे पालक म्हणतात. होतो, आणि त्या कॉलमध्ये तिला रोज हसावे लागते. सासूबाई स्वयंपाकघर पाहतात, आई चेहरा पाहते आणि मुलगी दोघींना हवे ते दाखवते. फोन बंद झाला की ती पुन्हा एकटी. फोनमुळे ती रोज वसईत येते हे खरे; पण ती जेथे राहते तेथे तिला कोणीही ओळखत नाही, यात त्याने काही फरक पडत नाही.

आणि मग येते ती धमकी: "जास्त बोललीस तर परत पाठवून देईन." हे वाक्य मी एकाहून अधिक मुलींकडून ऐकले आहे, पापनिवेदनाबाहेर. त्यातले खरे किती, खोटे किती, हे प्रत्येक पालकाने लग्नाआधी समजून घ्यावे. देशागणिक कायदा वेगळा आहे. कॅनडात पतीने आपल्या जबाबदारीवर बोलावून घेतलेली पत्नी कायम रहिवासी झाली, की तो दर्जा तिचा स्वतःचा असतो. पती तो काढून घेऊ शकत नाही. उलट तिच्या भरणपोषणाची तीन वर्षांची हमी त्याने सरकारला लिहून दिलेली असते आणि विवाह मोडला तरी ती सुटत नाही. २०१२ ते २०१७ या काळात काही नवविवाहितांवर दोन वर्षे जोडीदारासोबत राहण्याची अट होती. ती एप्रिल २०१७मध्ये रद्द झाली, पण तिची भीती अजून दाखवली जाते. ब्रिटनमध्ये पत्नीला कायमच्या वास्तव्यासाठी साधारण पाच वर्षे थांबावे लागते. तथापि घरगुती छळामुळे विवाह मोडल्यास तिला स्वतंत्र अर्ज करता येतो. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातही कौटुंबिक हिंसेला बळी पडलेल्या जोडीदारासाठी तशी तरतूद आहे. अमेरिकेत एच-वन नोकरदाराची पत्नी एच-फोर व्हिसावर जाते, तेव्हा तिचे तेथील राहणेच पतीच्या व्हिसावर अवलंबून असते. अशा पत्नींपैकी काहींना काम करण्याची परवानगी मागता येऊ लागली ती २०१५ साली, आणि तीही पतीच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया विशिष्ट टप्प्याला पोहोचली असेल तरच. हे सारे लग्नाआधी जाहीर माहितीतून कळू शकते. विवाहपूर्व वर्गात आम्ही यातले अवाक्षरही सांगत नाही.

हा प्रश्न एकट्या वसईचा नव्हे. राष्ट्रीय महिला आयोगाने अनिवासी भारतीयांशी झालेल्या विवाहांच्या तक्रारींसाठी २००९पासून स्वतंत्र कक्ष चालवला आहे. २०१९ साली अशा विवाहांच्या सक्तीच्या नोंदणीसाठी राज्यसभेत विधेयक मांडले गेले, आणि २०२४ साली विधी आयोगाने आपल्या २८७व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली. दिल्लीला जे दिसले ते आपल्याच मुलींच्या बाबतीत आपल्याला दिसू नये, हे लज्जास्पद आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. काही ज्येष्ठ म्हणतील, "फादर, परदेशी मिशनरी नाही का आले? त्यांनी घेतलेच ना जुळवून?" होय, आले. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमध्ये जन्मले, १५७९ साली गोव्यात उतरले आणि पुढे १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. आपल्या मराठीला त्यांनी केलेले दान आपण जाणतोच. पण फादर स्टीफन्स एकटे उतरले नव्हते. त्यांच्यासाठी संघाचे घर होते, बंधू होते, वरिष्ठ होते, भाषा शिकायला वेळ होता आणि करण्यासारखे काम होते. परक्या भूमीत माणूस रुजायला जे जे लागते ते सारे त्यांना मिळाले, म्हणून त्यांची प्रतिभा फुलली. आपल्या मुलींमध्ये प्रतिभा कमी आहे असे कोण म्हणेल?

दुसरे म्हणतील, "शेकडो मुली तिकडे सुखात आहेत, तुम्ही चार दुःखी मुलींवरून समाजाला झोडपता." सुखी मुली आहेतच, देवाची कृपा. मी त्यांच्यापैकी काही जणींना विचारले की तुम्ही कशा रुजलात. उत्तरे जवळजवळ सारखीच आली: नवऱ्याने पहिल्या महिन्यात बसने फिरायला शिकवले, नणंद जवळ होती, चर्चच्या गायकवृंदात जागा मिळाली, स्वतःचे बँकखाते उघडले, परीक्षेला बसू दिले. एकीनेही 'मी ॲडजस्ट झाले' असे म्हटले नाही. प्रत्येकीच्या सुखामागे कोणीतरी आपले ऋण फेडलेले होते.

तिसरा आक्षेप रास्त आहे आणि तो मी मान्य करतो: तो मुलगाही कोणाचा तरी लेकच. गोदामात दुहेरी पाळ्या करतो, लग्नाचे आणि शिक्षणाचे कर्ज फेडतो, घरी खरे सांगायची लाज वाटते म्हणून बढाया मारतो. परिचारिका पत्नीच्या मागे आयर्लंडला किंवा ब्रिटनला गेलेले आपले जावईही आहेत. त्यांचे एकाकीपण वेगळे आणि अधिक अबोल. पण हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, उलट बळकट करतो. एकट्याने कोणीही रुजत नाही. आपण मात्र मुलाला सांगतो पैसे पाठव, आणि मुलीला सांगतो सहन कर. दोघांपैकी एकालाही आपण विचारत नाही की तुमच्या जेवणाला या रविवारी कोण येणार आहे.

म्हणून या धर्मग्रामापुरते मी काही ठरवले आहे आणि ते जाहीरपणे लिहीत आहे, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. परदेशस्थ वराचा विवाह असेल तर तेथील धर्मगुरूंकडून तो विवाहास मोकळा असल्याचा दाखला आल्याखेरीज आणि घोषणा पूर्ण झाल्याखेरीज मी तारीख देणार नाही. तिकीट निघाले असल्यास ते पुढे ढकलावे. वधूला मी एकटीला बोलावीन, आईबापांना बाहेर बसवीन आणि रिबेकेला विचारलेला प्रश्न तिला विचारीन. तिने नाही म्हटले, तर ते नाही घरी सांगण्याचे ओझे मी उचलीन. वराला मी तिच्यासमक्ष घर, काम, कर्ज आणि व्हिसा या चारही गोष्टी सांगावयास लावीन. ती निघेल त्या दिवशी तेथील धर्मग्रामास तिच्या नावाने पत्र जाईल. टोरांटोच्या महाधर्मप्रांतात तिसाहून अधिक भाषांत मिस्सा होते, तेव्हा तेथील धर्मगुरूंना परक्याचे आगतस्वागत आपण शिकवण्याची गरज नाही, फक्त कळवण्याची आहे. तीन महिन्यांनी मी तिला स्वतः फोन करीन. ही माझी मेहेरबानी नव्हे. एकाकी आणि देशापासून दुरावलेल्या माणसांना शोधून काढणे हे धर्मगुरूचे कर्तव्य आहे, असे ५२९वा नियम सांगतो. मी ते इतकी वर्षे पाळले नाही.

पालकांनी काय करावे? सोने थोडे कमी करा. त्या पैशांतून मुलीला निघण्याआधी मोटार चालवायला शिकवा, तिच्या पदवीची आणि अनुभवाची सारी कागदपत्रे साक्षांकित करून द्या, आणि परतीच्या तिकिटाएवढी रक्कम केवळ तिच्या नावावर ठेवा. पासपोर्ट तिच्याच हाती राहील हे जावयाला सर्वांसमक्ष सांगा. संकटात कोणता क्रमांक फिरवायचा ते तिला पाठ असू द्या: कॅनडात व अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. आणि विमानतळावरचा तो शेवटचा उपदेश बदला. सारेच्या आईप्रमाणे जावयाकडे वळा, आणि मुलीला एवढेच सांगा की हे दार तुझ्यासाठी उघडे आहे. दार उघडे ठेवल्याने मुली संसार मोडून परत येतात, ही भीती निराधार आहे. नामीने दार उघडे ठेवले होते, तरी रूथ तिला सोडून गेली नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला अखेर फोनवर दिले. म्हणालो, "मला तीन महिने लागले, आणि माझ्या पाठीशी सारा धर्मग्राम होता." ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे तुम्ही त्या दिवशीच सांगायला हवे होते." त्याच संध्याकाळी मी तेथील धर्मगुरूंना पत्र लिहिले. ते तिच्या लग्नाच्या आठवड्यात लिहावयास हवे होते. पंधरा दिवसांनी त्या धर्मग्रामातील एक वयस्क बाई मोटार घेऊन तिच्या दाराशी आली. तिचे सारे प्रश्न त्याने सुटले नाहीत. परीक्षा बाकी आहे, पतीची रात्रपाळी चालूच आहे, बेसमेंटही तेच आहे. पण आता रविवारी तिच्यासाठी कोणीतरी बाकावर जागा धरून ठेवते.

मी लिहिले ते ज्यांना कटू किंवा अतिरंजित वाटत असेल, त्यांनी पुढील अंकासाठी अवश्य लिहावे. मी उत्तर देईन. मात्र लेखणी हाती घेण्याआधी त्यांनी परदेशी दिलेल्या आपल्या मुलीला, बहिणीला किंवा सुनेला एकदा फोन करावा आणि ती एकटी असेल अशी वेळ साधून विचारावे. तिने काय सांगितले तेही लिहावे.